तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

मी, खाली सही करणार, वय एकोणसत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, गल्लीत ज्याला कानसेन म्हणतात तो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या मते माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला जोडला आहे. बहिणीचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही.

१. हे घर आणि पुढचं गॅरेज मला वडिलांकडून आलं, पण सरळ आलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी मला जहाजाच्या इंजिनरूममधल्या नोकरीचं पत्र आलं. पुढच्याच आठवड्यात वडिलांनी मृत्युपत्र केलं. त्यांची जुनी टॅक्सी मूळ इंजिनावर मी स्वतः चालती ठेवीन तोवर घर माझं. ती थांबेल त्या दिवशी घर काकांचं. दरवर्षी काकांनी येऊन गाडी तपासावी. दोन महिन्यांत वडील गेले. धाकटी बहीण तेव्हा वीस वर्षांची, नर्सिंग शिकत होती. तिला रस्त्यावर आणून जहाजावर चढणारा भाऊ मी नव्हतो. नकार कळवला. वडिलांनी मला बरोबर ओळखलं होतं, याचा राग अजून गेलेला नाही. तो मी कोणाला देत नाही, सोबत नेतो.

२. काका एकतीस वर्षं न चुकता आले. चहा घेत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत आणि मूठ कानाला लावत. कान इंजिनाकडे, डोळे घराच्या भिंतींवर. "चालतेय रे अजून," म्हणत आणि तोंड पाडून जात. त्यांच्याबद्दल आणखी लिहिलं तर वकीलबाई कागद परत करतील.

३. गाडीबद्दल खरं काय ते आता लिहितो, कारण ते कोणालाच सांगितलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी इंजिनात ठोका सुरू झाला. आधी मी पेट्रोलवर ढकललं. हलक्या पेट्रोलने चढावर इंजिन खडखडतं, तसंच असेल म्हणून पेट्रोल बदललं, टायमिंग मागे घेतलं. मग टॅपेटवर संशय घेतला. पण टॅपेटचा आवाज वरून येतो, हलका, शिलाई मशीनसारखा. हा खालून येत होता, जड. शेवटी चालू इंजिनावर प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली, दुसरी, काही फरक नाही. तिसरी काढली आणि ठोका मंदावला. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग झिजलं होतं.

मग तेलाचं प्रेशर. डॅशबोर्डच्या काट्यावर मी विसंबत नाही. इंजिनावरचा सेन्सर काढून तिथे थेट गेज लावला. थंड इंजिनावर पन्नास! पण थंड इंजिनाचं प्रेशर म्हणजे पाहुण्यांसमोरचं वागणं, त्यावर सोयरीक जुळवू नये. वीस मिनिटं गाडी फिरवून आणली. मंद चालीवर दहा तरी हवं होतं, चार आलं. नवं बेअरिंग बाजारात नव्हतं, आणि इंजिन उघडलं असतं तर गाडी थांबली असं काकांनी त्याच दिवशी जाहीर केलं असतं. एरवी असा जुगाड करणाऱ्या मिस्त्रीला मी दारात उभं करत नाही. पण ठोका दबावा म्हणून मी जाड तेल भरलं आणि काका यायच्या दिवशी इंजिन थंड ठेवलं. त्यांनी ऐकलं, चहा घेतला, गेले. पुढच्या खेपेआधीच वारले.

त्यानंतर मी त्यांच्या मुलाच्या धास्तीत राहिलो. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं, ठोका ऐकायचा, बंद करायचं. अकरा वर्षं. परगावी एक मुक्काम केला नाही. या गॅरेजात माझा जीव गुदमरत होता.

या महिन्यात मृत्युपत्रासाठी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी वडिलांचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अट फक्त काकांपुरती होती. ते वारले त्या दिवशीच संपली. मुलाचा काही संबंध नाही. आधी का नाही विचारलंत?"

भीती वाटत होती म्हणून. दुसरं कारण नाही.

४. घर, गॅरेज आणि बँकेत असेल ते बहिणीला, बिनशर्त. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की माझ्यामागे तिने गॅरेज मोडू नये. वकीलबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती ओळ मी स्वतःच्या हाताने खोडली.

५. हत्यारं शेजारच्या पंक्चरवाल्याला. सोळा वर्षांपूर्वी त्याने नेलेला जॅकही त्याचाच समजावा, मात्र नेल्याचं एकदा कबूल करावं. नाही, ही पुन्हा अट झाली. कबूल नाही केलं तरी चालेल.

६. गाडी भंगारात द्यावी. आठवण म्हणून कोणी ठेवू नये.

७. हे कलम बहिणीबद्दल. वकीलबाईंकडून आलो त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दादा, मला त्या डोंगरावरच्या हॉस्पिटलात मेट्रनची जागा मिळाली होती. राहायला क्वार्टरही होतं. मीच नको म्हटलं."

"तू तर म्हणाली होतीस, दुसरीला घेतलं."

"चौतीस वर्षांची होते मी. तू माझ्यासाठी इथे अडकून पडलास, आणि मी तुला एकट्याला टाकून जाऊ?"

"अगं, तू गेली असतीस तर मी घर काकांच्या तोंडावर फेकून मोकळा झालो असतो!"

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मला तिचा राग आला आणि तेवढीच तिची दया आली. मग मी म्हणालो, "आता घर तुझंच आहे. विक, कुलूप लाव, वाटेल तिथे जा. आजपासून जा."

"बासष्टाव्या वर्षी?" ती म्हणाली. "कुठे जाऊ, दादा?"

तिने कुठे जावं, तेच मला या कलमात लिहायचं होतं. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. आपल्याजवळ जे नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, असं वकीलबाई सांगतात. म्हणून या कलमाखाली तिला काहीही दिलेलं नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही : कानसेन, मोटार मिस्त्री

साक्षीदार :
१. समोरचा शिंपी (सही)
२. निवृत्त गणित शिक्षक, वरचा मजला (सही, शुद्धलेखन त्यांनी तपासलं, मजकुराला हात लावलेला नाही)

स्थळ : गॅरेजमागची खोली
दिनांक : ९ मार्च २०१९