आवडतीचं मीठ अळणी

जेनोव्हा, २ मार्च १९७७

चि. फुल्वियोस,

ताईचे भरभरून आशीर्वाद आणि दोन्ही गालांवर एकेक पापी. तिकडे मिलानमध्ये तू जेवतोस की नुसत्या सभांवर जगतोस, ते आधी कळव.

बवास्त्रोची नवी रेकॉर्ड आमच्या दुकानात आली आणि शांतता संपली. आजवर एकटा बसून गाणारा माणूस, त्याच्यामागे या वेळी ड्रम आणि विजेची गिटार, आणि ती गिटार माझ्या नवऱ्याची, एजिदिओची. औषधवाले बियाजोत्ती म्हणाले, प्रेतयात्रेत मोटारसायकल घातलीय. दोन कॉलेजकुमार आले. एक म्हणाला, शब्द बुडाले. दुसरा म्हणाला, इंग्रजांनी हे कधीच वाजवून सोडलंय. पहिल्याने एका इंग्रज बँडचा जाडजूड डबल आल्बम उचलून त्याच्या तोंडावर हाणला, ओठ फाटला, वेष्टणावर रक्त. तो आल्बम मी मारणाऱ्यालाच विकत घ्यायला लावला.

बाबांचं मत विचारशील तर एजिदिओची गिटार म्हणजे वळणावर किंचाळणारी ट्राम. असं म्हणत त्यांनी ती रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली. एजिदिओ खूश आहे. तो म्हणतो, सासरे ज्या दिवशी वाहवा म्हणतील त्या दिवशी गिटार समुद्रात टाकीन. आपल्याकडचं तुला ठाऊकच आहे. आपले जुने खलाशी दोन पैसे कमी घेत, पण बोटीवर कुरकुर करायचा हक्क सोडत नसत. जग नावडतीचं मीठ अळणी म्हणतं, आपण आवडतीचं म्हणतो. परक्याला नुसतं छान छान म्हणून वाटेला लावतो.

तेव्हा सगळ्यांचं नावं ठेवून झालं, तुझंच राहिलंय. महिनाअखेरीस त्यांचा कार्यक्रम तुमच्या मिलानला आहे. जा, आणि एजिदिओला काहीतरी गरम खायला घाल.

माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी,
ओर्नेल्ला

मिलान, १३ मार्च

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. जेवतो. बहुतेक वेळा पाव आणि कांदा, पण जेवतो.

आमच्या खोलीत रेकॉर्ड ऐकत नाहीत, तिचा निकाल लावतात. रेन्झो म्हणून माझा सोबती आहे, कारखान्यात लेथवर असतो. तो हात वर करायला लावून मतं घेतो. परवा एक इंग्रज बँड बहुमताने भांडवलदार ठरला आणि रेकॉर्ड खिडकीतून गेली. आपल्याकडचा कवी-गायक खपला की तो विकला गेला, असा इथे नियमच झालाय. गेल्या आठवड्यात संगीत जनतेचं आहे म्हणत आम्ही एका कार्यक्रमात तिकिटाशिवाय घुसायला फाटक मोडलं. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. माझ्या शेजारच्या मुलीच्या कपाळात नळकांडं बसलं आणि ती उभीच्या उभी खाली आली. माझे डोळे अजून चुरचुरतात. तरी पुढच्या वेळी मी जाणारच, बाबांना सांगू नकोस.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. मी साप्ताहिकाच्या श्रोत्यांच्या पानावर पत्रच पाठवलं आणि त्यांनी ते छापलं, खाली 'जेनोव्हाचा एक श्रोता' अशी सही. लिहिलंय की बवास्त्रोच्या गळ्याला लोणी लागलंय, आणि त्याचा गिटारवाला बक्षिसीसाठी टेबलाभोवती घुटमळणाऱ्या वेटरसारखा वाजवतो. एजिदिओ हसून लोळेल. खरं सांगू का, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, पण ते काय छापायचं असतं? रेन्झोने कात्रण भिंतीवर लावलंय. म्हणतो, असं आरोपपत्र आजवर कुणी लिहिलं नाही. माझी भाषा त्याला भलतीच आवडलेली दिसते.

लोभ कमी करू नये, खाऊचा डबा मात्र मोठा पाठवावा.
तुझा,
फुल्वियो

मिलान, इस्पितळातून, १ एप्रिल

ताई,

मायना सुचत नाही. फोनवर तुला एवढंच कळलं की एजिदिओ जिवंत आहे. बाकीचं मीच सांगायला हवं.

कार्यक्रमात चौथ्या गाण्याला आमचे लोक मंचावर चढले. पंधरा-वीस जण असतील, पुढे रेन्झो. ड्रम लाथेने उलटे केले, बवास्त्रोची कॉलर धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि खटला सुरू केला. गाणी विकून किती कमावलंस, क्रांती करायची तर कारखान्यात का जात नाहीस. सभागृहातून नटबोल्ट येत होते. एक बवास्त्रोच्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मलाही आधी मौज वाटत होती, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मग रेन्झोने खिशातून माझं कात्रण काढलं. म्हणाला, हा बघा यांच्याच गावचा साक्षीदार. त्याने ते न्यायाधीशासारखं वाचलं. लोण्यावर लोक ओरडले. वेटरवर सगळं सभागृह उठलं.

आणि एजिदिओ हसला, ताई. त्या वाक्यांवरूनच त्याने मला ओळखलं. बाबांच्या जेवणाच्या टेबलावर हसतो तसा मोकळा हसला आणि माईकजवळ येऊन म्हणाला, "हा माझा मेहुणा आहे. त्याला रेकॉर्ड फार आवडलेली दिसते."

त्यांना वाटलं, तो त्यांची थट्टा करतोय. एकाने लोखंडी सळई त्याच्या गुडघ्यावर घातली. पडताना त्याने डावा हात टेकला, तर हातावर घातली, पुन्हा घातली. हाडाचा आवाज माईकमधून सगळ्यांनी ऐकला. मी बाकांवरून उड्या मारत वर गेलो. ओरडत होतो की ते आरोपपत्र नाही, आमच्याकडे असंच बोलतात. कुणाला काय कळणार? मी माईकचा खांब उचलला आणि रेन्झोच्या तोंडावर मारला. त्याचे दात माझ्या सदऱ्यावर पडले. तो खाली पडल्यावरही मी मारत राहिलो, पोलिसांनी ओढून काढलं तेव्हा थांबलो. रेन्झो याच इस्पितळात खालच्या मजल्यावर आहे. त्याचा जबडा तारेने बांधलाय. त्याची आई जिन्यात भेटली आणि माझ्या तोंडावर थुंकली.

एजिदिओची मधली दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारलं की वेटरची उपमा कुठे सुचली. ताई, मी बाहेर पळालो.

तू येशील तेव्हा मला मार.
फुल्वियो

जेनोव्हा, २२ मे

फुल्वियो,

एप्रिलपासूनची तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण देववत नव्हतं. मी मिलानला आले तेव्हा तुझ्याशी बोलले नाही, त्याचंही मला वाईट वाटत नाही. पहिले काही दिवस तू मेला असतास तर बरं, असंही मनात आलं. ते आता गेलं. पण आलं होतं, तुला कळायला हवं.

एजिदिओ घरी आहे. गुडघा सुधारतोय. हाताकडे मी बघते, तो बघत नाही. बवास्त्रो भुवईवर टाके घेऊन भेटायला आला, दोघे खिडकीशी बसून होते. तो म्हणतो, आता गाणार नाही. रेकॉर्ड मात्र भाकरीसारखी खपतेय. ज्या साप्ताहिकाने तुझं पत्र छापलं त्यातच श्रोत्यांची नवी मतं येतात. अर्धे लिहितात, ही कलाकृती अजरामर आहे. उरलेले लिहितात, हात मोडला ते बरंच झालं. दोघांनीही ती नीट ऐकलेली नाही.

इथे दुकानात लोक हळू आवाजात बोलतात. बियाजोत्ती परवा म्हणाले, गिटार अप्रतिम आहे. मी त्यांना दुकानातून जायला सांगितलं. बाबा तर त्याहून वाईट. रोज संध्याकाळी येतात, जावयाशेजारी बसून रेकॉर्ड ऐकतात आणि ती संपली की म्हणतात, सुंदर, बाळा, सुंदर. ट्रामचं नाव काढत नाहीत. एजिदिओचा चेहरा दर वेळी आणखी उतरतो. सगळ्यांनी मिळून त्याला परका केलंय. मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, तिसऱ्या गाण्यात तू जरा घसरलायस. म्हणता म्हणता मला रडूच फुटलं, मग काय उपयोग?

काल त्याने स्वतःच रेकॉर्ड लावली. तुझ्या अंगावर काटा आला होता म्हणतोस ते गाणं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "चांगलं वाजवतो हा. कोण आहे?"

त्याला विनोद करायचा नव्हता.

फुल्वियो, मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही ते ठाऊक नाही. पण रविवारच्या गाडीने ये. आल्यावर माझी क्षमा मागू नकोस, त्याच्या गळ्यात पडून रडू नकोस. त्याच्यासमोर बस, रेकॉर्ड लाव आणि त्याच्या गिटारला नावं ठेव. आवाज कापू देऊ नकोस. तो हसेपर्यंत ठेवत राहा.

तुझी बहीण,
ओर्नेल्ला