घरी आंघोळ करणाऱ्या दादाला

किइची दादा,

गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात तुझी पाठ चोळायला मी रोज थांबतो आणि तू म्हणतोस, "घरीच उरकली." पुरे! वर्षभर मीही हीच थाप मारत होतो. माझी लघवीच्या जागेची पुढची कातडी आवळली होती, चिरा पडायच्या. जोर लावून मागे ओढली, तर आणखी फाटली. शेवटी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तहान फार लागते?" रक्तात साखर वाढलेली निघाली. गोळ्या आणि मलमानं दोन महिन्यांत आराम पडला.

काल जेवताना तू सहा पेले पाणी प्यायलास.

बाबाही शेवटी न्हाणीघर टाळायचे. शिष्ट झालेत म्हणून आपण हसलो. साखरेनं गेले, तरी आपल्याला उमगलं नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही, तू फाडशील. त्यापेक्षा उद्या नऊला तुला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला गाडी घेऊन येतोय. मुकाट बस.

तुझा,
तेत्सुरो