केळीच्या वॅगनमधून दिल्लीला गेलेली गिटार

सावदा,
ता. २४ एप्रिल १९८९

तीर्थस्वरूप रुपचंद भाऊजी आणि लताअक्का, दोघांना छगनचा साष्टांग नमस्कार.

थंडीत धरलेला तुमचा गुडघा आता उन्हाळ्याने सुटला असेल. अक्काचं पित्त कसं आहे? इकडे आई ठणठणीत आहे, म्हैस व्यायली, रेडी झाली, आणि आबांचा स्वभाव ठेवला होता तिथेच आहे. चार वर्षांत या घरातून तुम्हाला पत्र नाही, आणि आज एकदम एवढं जाड पाकीट पाहून तुम्ही दचकला असाल. (चूक तशी कुणाचीच नाही. तुम्ही दिल्लीच्या फळबाजारात मुनीम, तुम्ही खरं तेच बोललात की आबा, तुमच्या केळीला इथे पोचेपर्यंत डाग पडतात. पण भाऊजी, भर तुमच्याच लग्नाच्या पंगतीत, नव्या व्याह्यांसमोर, आबांच्या हातात जिलबी असताना! तेव्हापासून आबा म्हणतात जावयाने आधी यावं, तुम्ही म्हणता सासऱ्याने आधी बोलवावं, आणि या ओढाताणीत, अक्षय्य तृतीयेला गावच्या साऱ्या लेकी माहेरी येत असताना, अक्काच्या चार आखाज्या माहेराविना गेल्या. मी दर वर्षी मुराळी होऊन तिला आणायला निघतो आणि आबा दर वर्षी मला दारातून परत फिरवतात.) असो. तो विषय नाही. विषय असा की भाऊजी, माझी गिटार तुमच्याकडे निघाली आहे! एकटी! केळीच्या वॅगनमधून!

आता पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पोराला ऊन लागलं. ही गिटार म्हणजे गळ्यात अडकवून कॉलेजची पोरं वाजवतात ती नव्हे. ही बेस गिटार. हिला चारच तारा, पण एकेक तार सुतळीएवढी जाड. (गावात मला शंभर माणसांनी विचारलं असेल, काय रे छगन, दोन तारा तुटल्या का? आता मी 'हो, उंदराने खाल्ल्या' म्हणून मोकळा होतो.) भुसावळला रेबेलोसाहेब म्हणून इंजिन ड्रायव्हर होते, रेल्वेच्या बँडमध्ये ही वाजवायचे. रिटायर होऊन मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा जाता जाता माझ्या हवाली करून गेले. अहो, पहिला सूर लावला तेव्हा काय झालं म्हणून सांगू! आवाज कानात आलाच नाही, सरळ बेंबीत आला! फळीवरची पितळेची भांडी थरथरली, आईने 'भूकंप, भूकंप' म्हणून देवाला हात जोडले, आणि गोठ्यातल्या म्हशीने खाणं थांबवून माझ्याकडे असं पाहिलं की तसं आबांनीसुद्धा कधी पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुठल्या कामाचा उरलो नाही, हे आबांचं म्हणणं आणि ते खरं आहे.

रेबेलोसाहेबांनी ती देताना मुलगी सासरी पाठवावी तशा सूचना दिल्या होत्या. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, घामाने गंज चढतो. आवाज मेला तर तारा उतरवून पाण्यात उकळायच्या, मळ सुटतो. मी गेल्या महिन्यात उकळल्या. आईच्या वरणाच्या पातेल्यात उकळल्या, ही माझी चूक. आईने झाकण काढून आत डोकावलं, आणि मग ते पातेलं म्हशीच्या सरकीला गेलं ते कायमचं. पण तारांचा आवाज, भाऊजी, नव्या घंटेसारखा! तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची: उन्हात ठेवायची नाही, मान लाकडाची आहे, वाकते. आता आपल्याकडच्या एप्रिलमध्ये लोखंड वाकतं, तिथे लाकडाची काय कथा! वाकलीच. तारा पट्टीपासून इतक्या वर उठल्या की खालून उंदीर गेला असता. मानेच्या पोटात एक सळी असते, तिला किल्लीने हळूच पीळ देऊन मान सरळ करायची. किल्ली सायकलवाल्याकडे मिळाली. श्वास रोखून पाव आटा फिरवला आणि मान आली की हो ताळ्यावर! मी अंगणात नाचलो. खरंच नाचलो, शेजारच्या बेबाबाई साक्षीला आहेत.

पण ऊन रोजचंच. घराचे पत्रे तापलेले, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम! तिकिटं लागलेला! ऑर्केस्ट्राचे मालक पंडितशेठ जळगावला सर्वांसमोर म्हणाले, छगन, त्या दिवशी तुझी गिटार वाजली तर तू आमचा कायमचा माणूस, नाही वाजली तर धुळ्याचा एक जण बसलेलाच आहे. तेव्हा ती जपणं आलं. आणि भाऊजी, उपाय कुणी सुचवला? आबांनी! म्हणाले, 'केळीखाली ऊन पोचत नाही, बागेत ठेव.' माझ्या वाद्याबद्दल आबा पहिल्यांदाच 'विकून टाक' सोडून काही बोलले, म्हणून मला इतका आनंद झाला की मी लगेच ऐकलं. ओल लागू नये म्हणून आधी गोधडी, वरून खताची प्लास्टिकची गोणी, आणि चोराची नजर जाऊ नये म्हणून त्यावर केळीची सुकी पानं बांधून, दांडा वर करून एका टेकूला टांगून दिली. इतकी बेमालूम की मलाच दोनदा सापडली नाही.

इथेच घात झाला. गुरुवारी त्या पट्ट्याची कापणी निघाली आणि मी जळगावला तालमीला. (बिनगिटारीची तालीम, तिला उन्हातून न्यायची नाही म्हणून तोंडाने 'धुम धुम' करून. हसू नका.) परत येऊन पाहतो तर बाग मोकळी, टेकू मोकळा! कापणीला शिंदखेड्याकडचा भटू होता, त्याला धरलं. तो शांतपणे म्हणाला, 'दादा, माले वाटनं घडच शे. दांडाबी लांब व्हता!' मी म्हटलं, अरे, हाताला जड-हलकं कळत नाही का? तर म्हणे, 'हलका व्हता, म्हनीसन मी मनमा म्हनं, आबानं औंदा खत कमी टाकं.' घड बैलगाडीत गेला, गाडी स्टेशनवर गेली. वॅगन भरताना आबा स्वतः उभे होते. संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन आले, मी धावत विचारलं, तर बैलाचं जू सोडता सोडता म्हणाले, 'गेली. दिल्लीला.' भाऊजी, मी ओट्यावर बसून रडलो. सव्वीस वर्षांचा घोडा, पण रडलो.

मी म्हटलं तार करतो. आबा म्हणाले, तारेत सगळं मावत नाही. मी म्हटलं स्टेशनमास्तरांना भेटतो. आबा म्हणाले, ते काय करणार, गेलेली वॅगन परत बोलावणार? मी म्हटलं, मग करू काय? तेव्हा आबा सुपारी कातरता कातरता म्हणाले, 'दिल्लीत आपलं माणूस आहे ना.' चार वर्षांत पहिल्यांदा! आई चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

तेव्हा भाऊजी, हात जोडून विनंती. आमच्या मालात एक घड असा निघेल की जो पिकणार नाही. तो शोधा. बाजारात कुणाला दाबून पाहू देऊ नका. पिकवायच्या खोलीत तर मुळीच नको, तिथली ऊब आणि ओल तिला सोसायची नाही. भिंतीला टेकवाल तर तारा भिंतीकडे नकोत. खुंट्या कुणी पिळू नयेत, अक्कानेसुद्धा नाही. तिला लहानपणापासून पिळायची सवय आहे, माझा कान साक्षीला आहे.

तुमचा,
छगन

ता. क. आबा शेजारी बसून आहेत, म्हणतात की पार्सलने पाठवू नये, रेल्वेवाले आदळतात. हाताने आणावी. कुणाच्याही हाती देऊ नये, जावईबापूंनी स्वतः आणावी. एवढ्या लांब एकट्याने वाद्य सांभाळणं अवघड, म्हणून लतालाही बरोबर घ्यावं. आणि येणारच तर आखाजीच्या दोन दिवस आधी यावं, गाड्यांना गर्दी असते. (हे सगळं त्यांनी सांगून लिहवलं. 'जावईबापू' हा शब्द मी दोनदा विचारून घेतला.)

ता. क. आई म्हणते, अक्काला सांग, निंबाला झोका बांधते.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहितोय. झोक्याचा दोर काढायला मागच्या खोलीत गेलो. धान्याच्या कोठीमागे, आबांच्या दोन गोधड्यांत नीट गुंडाळून, भोवती ओलं पोतं पण तिला न लागेल असं, माझी गिटार उभी आहे! मान सरळ, चारी तारा जागच्या जागी. म्हणजे वॅगन भरतानाच त्यांनी ती उतरवून घेतली, आणि चार दिवस माझं रडणं ऐकत सुपारी कातरत बसले! आधी असा संताप आला की काय सांगू. मग तसाच खाली बसून हसलो, तोंडात दोर धरून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. भाऊजी, त्यांना दुसरं बोलावणं करता येत नाही हो. तुम्हाला आणायचं काही नाही, नुसते या, दोघंही या. मी ती होती तशी गुंडाळून ठेवली आणि बाहेर आलो. आबा ओट्यावर होते. म्हणाले, 'पत्र टाकलं का?' मी म्हटलं, आता निघालोच. तर खिशातून पैसे काढून म्हणाले, 'तिकिटं जास्तीची लाव. लवकर पोचायला पाहिजे.'