ब्रेकमधली हवा आणि चाँद पाशाची बत्ती

२ मे १९३९

आणि मी गाडीखालून ‘सोड’ म्हणालो, तेव्हा धुरपताने पेडल दाबलं. ‘दाब’ म्हणालो, तेव्हा ती दूध उतू जातं म्हणून आत गेली होती. तेल माझ्या चष्म्यावर आणि अंगणात, नेमकं ती कुरडया वाळत घालते तिथे.

ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली आहे. पेडल उशीसारखं मऊ लागतं. ती हवा काढायची तर एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू उघडायचा. नवराबायकोने करण्यासारखं काम. म्हणूनच होत नाही.

धुरपताचं म्हणणं, तुमी बोलता तवा हातबी दाखवत जा. गाडीखालून हात कसा दाखवणार, मी विचारलं. ती म्हणाली, मंग पाय दाखवा.

निश्चय: यापुढे ब्रेकच्या कामात बायको घ्यायची नाही.

३ मे

सासरे, म्हणजे मामा, बाजाराला आले होते. दहा तारखेला माझ्या मेहुण्याचं, दगडोबाचं, सेनगावला लग्न आहे. मुहूर्त गोरज. मी सांगून टाकलं आहे: नवरदेव माझ्या मोटारीतून जाईल, दमणीचे बैल शेतावर राहू द्या.

मामांनी मोटारीभोवती फेरी मारली. बॉनेटवर बैलाला मारतात तशी थाप मारली आणि विचारलं, हे थांबतं का. मी म्हटलं, दहा तारखेपर्यंत थांबू लागेल. ते म्हणाले, न्हाई, आमाला सेनगावलाच उतरायचं हाय, वकीलसाहेब. फुडं जिंतुराला काम न्हाई.

धुरपता हसली. ते गेल्यावर हसली नाही. म्हणाली, माह्या भावाचा मुहूर्त हुकला तर मी कोन्या तोंडानं माहेरी जाऊ.

हुकणार नाही.

५ मे

सुचलं. पेडल दाबायचंच कशाला? तेलाच्या टाकीवर हवेचा दाब द्यायचा. दाब तेलाला ढकलेल, तेल नळीतल्या हवेला. इंग्रजीत याला प्रेशर ब्लीडर म्हणतात. माणूस एक पुरतो.

पंप असलेली टाकी हवी. स्टोव्ह लहान पडला. मग आठवली चाँद पाशाची गॅसबत्ती, जी तो लग्नांना देतो. खाली टाकी, टाकीला पंप. दगडोबाच्या लग्नासाठी ती मी सांगितलेलीच होती. आधी आणली.

चाँद पाशा म्हणाला, बत्ती दस तारीख कू होना ना, आज काय कू? मी म्हटलं, सरावासाठी. बत्ती देताना तो म्हणाला, वकील साब, बत्ती बराबर वापस होना.

बराबर म्हणजे काय? उजळून देईन.

६ मे

बत्तीचं डोकं काढलं. तिथून ब्रेकच्या टाकीला रबरी नळी जोडली. सुंदर दिसतं.

तेल कमी. हैदराबादेहून मागवलेला डबा त्या दिवशी अंगणात सांडला, तळाशी थोडं उरलं आहे. नवीन यायला दहा तारीख उलटेल. विचार करत स्वयंपाकघरात गेलो. धुरपता वरणात पाणी घालत होती, जेवायला माणसं वाढली होती. सगळे पोटभर जेवले. वरण पुरलं.

ब्रेकचं तेल जाड. रॉकेल पातळ. बत्ती रॉकेलचीच. तेलात रॉकेल घालून ते वाढवलं आणि बत्तीच्या टाकीत भरलं.

निश्चय: लहान गोष्टींतून शिकत राहायचं.

८ मे

यश. एकट्याने.

पंप मारला. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. स्क्रू उघडताच बुडबुडे, मग कमी बुडबुडे, मग नुसतं तेल. चारी चाकं झाली. पेडल दगडासारखं. अंगणात नाचावंसं वाटलं. थोडा नाचलो. धुरपता म्हणाली, पाय पुसून घरात या.

रबरी नळी मात्र निघेना. परवा बोटाने सरकत होती, आज फुगून घट्ट बसली. कापावी लागली. जोड इतका चांगला जमला होता. धुरपताने तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, हे येवढं जाड नव्हतं. मी म्हटलं, माल चांगला आहे.

बत्ती पुसली, डोकं परत बसवलं, रॉकेल भरलं. आत थोडा तेलकटपणा राहिला. चालेल.

९ मे

नरसीच्या रस्त्यावर चाचणी. म्हैस आडवी आली. गाडी जागच्या जागी थांबली. म्हैस बघत राहिली.

परत येताना आणखी सुधारणा. पाय न लावताच ब्रेक लागू लागले. चढ नसताना गाडी धापा टाकत होती. चाकांना जळका वास. ब्रेक ताजे असले की येत असणार. दारात तर थांबवावीसुद्धा लागली नाही.

संध्याकाळी नवरदेवाकडची मंडळी मुक्कामाला आली. मामांनी दमणी आणलीच. नको म्हटलं होतं, मी आठवण दिली. म्हणाले, बैलायला घरी करमत न्हाई.

निश्चय: उद्या मामांना पुढच्या सीटवर बसवायचं.

१० मे, सकाळी

इंजिन उत्तम चालू आहे. चाकं फिरत नाहीत. ब्रेक लागलेले आहेत आणि सुटत नाहीत. म्हणजे ब्रेक बिघडलेले नाहीत, हे इथे लिहून ठेवतो.

मामांनी बैल लावून पाहिले. चाकं न फिरता गाडी वीतभर घसरली, अंगणात ओरखडे उठले. बैल थांबले. हळद लावलेला दगडोबा मागच्या सीटवर बसून होता. दाजी, निघालो का, असं त्याने दोनदा विचारलं. मामा गाडीभोवती फिरून म्हणाले, आता थांबती. बराबर थांबती.

धुरपताने नळीचा तुकडा आणून माझ्यापुढे धरला. चाकायच्या आतबी रबरच असंल ना, तिने विचारलं. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मंग तेबी फुगून बसलं असंल.

यावर लग्नानंतर विचार करू.

सगळे दमणीत. मी मागे, बत्ती मांडीवर घेऊन. निदान उजेड माझा असेल.

११ मे, संध्याकाळी

काल मुहूर्त गाठला. बैल चांगले आहेत.

नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पंप मारला. काडी लावली. बत्ती थुंकली. ब्रेकचं तेल मुलीच्या बापाच्या फेट्यावर गेलं, मागून काळा धूर. वाजंत्री थांबली. मुलीच्या बापाने विचारलं, हे काय हाय? मी म्हटलं, गॅसबत्ती. तो म्हणाला, हिंगोलीला अशीच असती का? मी हो म्हणालो.

मामांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जुड्या पेटवल्या. त्या उजेडात लग्न लागलं. दगडोबा बरा दिसत होता.

परतीच्या वाटेवर धुरपता हिंगोली दिसू लागल्यावर म्हणाली, झालं भावाचं लग्न. आता लावा कशालाबी हात.

निश्चय: उद्या पहाटे उठून आधी बत्ती, मग मोटार.

१२ मे

उठायला उशीर झाला. सकाळी चाँद पाशा येऊन बत्ती तशीच घेऊन गेला. मोटार अंगणातच आहे. धुरपताने बॉनेटवर आणि टपावर माझी धोतरं अंथरून कुरडया वाळत घातल्या.