शाळेतली काचेची पेटी

आई,

भोरच्या शाळेतल्या काचेच्या पेटीबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तेव्हा संस्थान होतं. मी हंगामी मास्तर होतो आणि दिपोटीसाहेब शाळा तपासून गेले की मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं. पेटी हेडमास्तरांनी पुण्याहून आणवली होती. लोखंडी चौकट, चार काचा, पाणी गळू नये म्हणून सांध्यांना लांबी भरलेली. साहेबांना सृष्टिज्ञानाची आवड, म्हणून त्यांच्यासमोर मुलांना जिवंत मासे दाखवायचे होते, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी नीरा नदीत पंचा धरून सापडेल ते आणलं. बारीक मासे, डझनभर झिंगे, आणि वीतभर मरळ, अंगावरचे पट्टे छान दिसले म्हणून. चौथ्या दिवशी पेटीत मरळ एकटी फिरत होती. हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ काचेतून पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "हे मत्स्यालय आहे की खाणावळ?"

त्या रविवारी मी विंझरला आपल्या घरी आलो. तू गोठ्यात शेण भरत होतीस. मला मासे हवेत म्हटल्यावर तू विचारलंस, "कशाला, खायाला?" मी म्हटलं, "बघायला." "बघायाला!" शेणाचे हात तसेच धरून तू हसलीस. "मासं बघून प्वाट भरतंय व्हय तुमच्या सायबाचं?" मग मरळीचं ऐकलंस आणि हसणं थांबलं. "अरं, मरळ घातलीस? लांडगा वाड्यात घेतला न् वर मेंढरं मोजीत बसलास. सात बुकं शिकलास, पर तोंड बघून मासा घ्याया आलं न्हाई तुला."

शुक्रवारी तू स्वतःच आलीस. कापूरहोळपर्यंत गाडीतून, पुढं सर्व्हिस मोटारीनं, मांडीवर मडकं, मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं. वाटेत प्रत्येक ओढ्यावर बैल थांबवायला लावून पाणी बदललंस, असं गाडीवाल्यानं नंतर मला ऐकवलं. मी पेटी भरायला शाळेची तांब्याची घागर उचलली, तर तू हात आडवा घातलास. "तांब्यातलं पानी नगं. मी येकदा तांब्याच्या घागरीत झिंगं आनलं, घरी येस्तवर समदं उताणं." मग पाणी मातीच्या मडक्यांतून आलं.

तू शाळेच्या ओसरीवर उकिडवी बसली आहेस. वाळू धुते आहेस, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. ओढ्यातला शेवाळलेला धोंडा ठेवतेस, पाणवनस्पतीची जुडी रोवतेस, कोपऱ्यात फुटकं कौल तिरपं टेकवतेस. मग ओंजळीनं एकेक जीव सोडतेस. बोटाएवढे चंदेरी मासे, अंगावर काळी रेघ असलेले, सहा. धोंड्याला चिकटून राहणारे दोन. दहा झिंगे. एवढ्यावर मडकं रिकामं. मी म्हणालो, पेटी ओकीबोकी दिसते. "येवढ्या पान्यात येवढंच," तू म्हणालीस. "आन् बारक्या तोंडाचं. ह्येच्या तोंडात झिंगा मावत न्हाई. ह्यो वरचं खाईल, त्यो धोंडा चाटील, झिंगं खाली सांडलंलं उचलत्याल. कुनी कुनाच्या ताटात बघनार न्हाई." मी कौलाचं विचारलं. "ती झिंग्यांची खोली. आडोसा नगं व्हय?"

सोमवारी सकाळी वाळूवर टरफलं पडली होती. काचेसारखी पारदर्शक, मिशा-पायांसकट, आत काही नाही. पेटीत झिंगा एकही दिसत नव्हता. हेडमास्तर आले. साहेब गुरुवारी यायचे होते. "हे कुणी आणलं?" त्यांनी विचारलं. तू पेटीशीच बसली होतीस, एक हात पाण्यात. मी म्हणालो, "आमच्या आईनं. अडाणी आहे ती. तिला काय कळतंय!"

तू मान वर केली नाहीस. "दम धर," एवढंच म्हणालीस. "कात टाकली आसंल. आंग मऊ आसतंय तवर दडून बसत्यात."

"तू गप्प बस."

तू पदराला हात पुसलास आणि रिकामं मडकं उचललंस. मोटार दुपारची होती, तू सकाळीच निघालीस. मला वर्ग आहे म्हणून मी पोचवायला आलो नाही. वर्ग नव्हता.

बुधवारी कौलाखालून पहिला झिंगा बाहेर आला. संध्याकाळपर्यंत मुलांनी मोजले, दहाच्या दहा. एकीच्या पोटाखाली अंडी होती. गुरुवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. माशाचं तोंड बघून शेजार ठरवायचा, तांबं टाळायचं, कात टाकलेल्या झिंग्याला आडोसा लागतो. अगदी शुद्ध भाषेत. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, ट्रेनिंग कॉलेजात. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. महिन्याभरात मी कायम झालो.

दिवाळीला मी घरी आलो. तू भाकरी थापत होतीस, मी चुलीपुढं बसलो होतो. वर न बघता तू विचारलंस, "झिंगं आलं का रं भाईर?"

आले म्हटलं असतं तर तुझं खरं होतं, हेही म्हणावं लागलं असतं, आणि मग शाळेच्या ओसरीवरच्या त्या वाक्यापर्यंत जावं लागलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "मेलं समदं." किती वर्षांनी माझ्या तोंडात गावची बोली आली होती.

परातीतला तुझा हात थांबला. "मग माजंच चुकलं," तू म्हणालीस. "वाटंत मडक्याला ऊन लागलं आसंल." आणि भाकरी उलटलीस. त्या विषयावर तू पुन्हा बोलली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात तापानं गेलीस.

आई, ते जगले होते. त्या एकीच्या अंड्यांतून पिल्लं झाली, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी, आणि पेटीतल्या एकाही माशानं त्यांच्या आईला हात लावला नाही.

हा कागद कुठं जायचा नाही. तू होतीस तेव्हा दोन-तीनदा कार्ड लिहायला घेतलं होतं. पण तुझं कार्ड पोस्टमन आपल्या घरच्या ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवायचा, चार बाया ऐकायला जमायच्या, म्हणून ते राहून गेलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्या दिवाळीत चुलीपुढं आपण दोघंच होतो.