मावशी, इकडे पाहा नं

माय, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याकडे निघतात, हे आता रीलमुळे साऱ्या जगाला कळलंय. पुण्या-नागपूरची माणसं आदल्या दिवशीच येऊन लॉज धरतात. ऑटोवाले त्या दिवशी कुणाशी धड बोलत नाहीत. कावडीच्या वाटेवर, आपल्या झेंडूच्या मळ्यासमोर दादानं चहाचं दुकान टाकलंय, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात आणि त्यांना असा गुलाबी रंग दिलाय की तू असतीस तर त्याला फोडून काढलं असतंस. पण खरं सांगायचं तर घर आता त्यावरच चालतं. म्हणून मी तोंड मिटून चहा गाळते.

गेल्या श्रावणात कुणीतरी एक जुनी क्लिप टाकली, साध्या फोनवर काढलेली, धुरकट. पहाट आहे, आपलं फाटक आहे आणि अनवाणी चालत आलेल्या एका कावडवाल्याच्या पायांवर एक बाई वाकून कोमट पाणी ओततेय. मनगटावरचं गोंदण दिसलं आणि मी किंचाळलेच. तुझा नेम मला पाठ आहे: पाय धुताना मान वर करायची नाही. ओळखीचा दिसला की त्याच्यासाठी हात जास्त सैल सुटतो, म्हणायचीस. क्लिपमध्ये कुणीतरी म्हणतो, "मावशी, इकडे पाहा नं जराशा." तू खाली पाहूनच म्हणतेस, "काहून बाप्पा? पाय धुवाले तोंड कायले पाह्यजे?" तिथंच क्लिप संपते. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, माय. मी तिथंच जमिनीवर बसून ढसाढसा रडले.

भिंतीवरचा फोटो तुझा आहे असं मी कधी मानलं नाही. मतदान कार्डावरून फोटोवाल्यानं तो मोठा केला, तुला गोरं केलं आणि अंगावर कुणाचा तरी शालू चढवला. रोज त्याच बाईला हार घालता घालता तुझा खरा चेहरा माझ्या हातून निसटत चाललाय. म्हणून क्लिप टाकणाऱ्याला मी फोन केला. तो बिचारा म्हणाला, "ताई, एवढंच हाये माह्यापाशी. बाकीचं फोनासंग गेलं."

या वर्षी दादानं त्या क्लिपचा फ्लेक्स करून दुकानावर लावला. म्हणाला, "लोकं मायलेच पाहाले येऊन राह्यले."

"तिचं तोंड कुठी दिसते रे त्याच्यात?"

"हात त दिसते," असं म्हणून तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. कावडीच्या सोमवारी चहा आणि फुलं, दोन्ही दुपारच्या आतच संपलं. तुझ्यामुळंच.

हे लिहिलेलं मी दादाला दाखवणार नाही, कुठं टाकणारही नाही. एकच सांगायचं राहिलं. त्या सकाळी गर्दीत पुण्याची एक मुलगी फ्लेक्सकडे बोट दाखवून विचारत होती, "या मावशी कुठे आहेत? मला त्यांना भेटायचंय." गेली म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच, "मळ्यात गेली हाये, येईल इतक्यात." ती बिचारी बाकावर बसून राहिली. आणि माय, तिच्या शेजारी मीही बसले.