मेंढीचं पाच लिटर दूध

सास्तूर
रविवार, १४ डिसेंबर २०२५

आक्का,

धाकटीचा पाया पडून नमस्कार. दाजींनाही सांग. हर्षाली, तू वाचून दाखवणार म्हणून तुला आधीच सांगते, सासूबाई मधीच उठल्या तर पदर धरून बसव, पण पत्र पुरं वाच.

आक्का, फोन तू उचलत न्हायस. भागवतच्या फोनवर केला तर तो म्हणतो, "आई रानात गेलीय, मावशी." आन मागून तुझाच आवाज येतो, "सांग तिला, रानात गेलीय म्हणून!" मग काय करणार, कागद घेतला.

इकडं सगळं ठीक. थंडी लई पडलीय, ज्वारी पोटऱ्यात आलीय. गुडघा कुरकुरतो. चंपाषष्ठीला अणदूरला खंडोबाच्या जत्रेला आले न्हाय. रजा न्हाय असं भागवतला सांगितलं, ते खोटं होतं. तुझ्यासमोर उभं राहायची छाती झाली न्हाय. असो, ते नंतर.

तुला माहीतच हाय, वस्तीवरच्या आमच्या शाळेत एक खोली, पहिली ते चौथी, आन बाई मी एकटी. दुसरे सर बदलून गेले ते गेलेच. पहिलीला अक्षरं गिरवायला लावावीत तर चौथीवाले एकमेकांच्या झिंज्या उपटतात. त्यात वरून फोनवर सारखं, 'माहिती तातडीनं पाठवा.' खिचडीची माहिती, वजनाची माहिती, काल पाठवलेलीच आज नव्या तक्त्यात. घरी भाकरी थापताना पण डोक्यात तेच.

दिवाळीनंतर शिक्षण परिषदेत शेजारच्या गावचे शिवराज सर भेटले. माझा चेहरा बघून म्हणाले, "बाई, चॅटबॉट वापरता का?" मी म्हटलं, "सर, असल्या नसत्या उठाठेवीला मला वेळ कुठाय?" ते हसले. "वेळ न्हाय म्हणूनच तर विचारतोय." फोनवर उघडून दिलं. आपण मराठीत लिहायचं न्हायतर बोलायचं, ते मराठीत उत्तर देतं. पोरांची नावं मात्र त्यात घालायची न्हाईत, असं त्यांनी बजावलं.

मी भीत भीत सांगितलं, एक खोली, चार वर्ग, एकच बाई, आज विषय बाजार; चारी वर्गांना चार कामं दे. आक्का, चहाला उकळी यायच्या आत दिली! पहिलीला भाज्यांची चित्रं, दुसरीला बेरजा, तिसरीला दुकानदार-गिऱ्हाइकाचं बोलणं, चौथीला हिशेबाची गणितं. फळ्याचे भाग पाडून उतरवून दिलं. एक वर्ग माझ्यापुढं, तीन आपापल्या कामात. आता वरच्या पत्रांचा, चाचणीच्या प्रश्नांचा कच्चा मसुदा त्याच्याकडून घेते आन तपासते. पोरांच्या प्रगतीच्या नोंदी तेवढ्या स्वतः लिहिते. पोरं मला ठाऊक, त्याला न्हाय.

आता गंमत ऐक. वस्तीवर निम्मी घरं मेंढरावाल्यांची, म्हणून मी त्याला मेंढरांची गणितं मागितली. त्यानं दिली, मी घाईत तशीच फळ्यावर लिहिली. 'धुळाप्पाकडे वीस मेंढ्या आहेत. एक मेंढी रोज पाच लिटर दूध देते...' हसू नको! मेंढी अर्धा लिटर पण धड देत न्हाय, हे मेंढरांत वाढलेल्या तुझ्या बहिणीला लिहिताना पण कळलं न्हाय.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. आन आरोही उभी राहिली. आरोही म्हणजे कोंडाबाईची नात. आईबाप मेंढरं घेऊन लांब गेलेत, ही आजीपाशी राहते. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात चकार शब्द काढला नव्हता, हजेरीला नुसती मान हलवायची. ती म्हणाली, "बाई, मेंढीनं एवढं दूध दिलं असतं तर माझा बाप मला सोडून कशाला रानोमाळ हिंडला असता?"

मी तिला जवळ घेतलं आन पोरांसमोरच रडले. मग म्हटलं, "फोननं चुकीचं दिलं आन बाईनं चुकीचं लिहिलं. तू नीट करून दे." तिनं दूध पुसलं, लोकर लिहिली. मग मेंढरांविषयी जी बोलत सुटली, थांबेचना. आता दर शुक्रवारी चौथीवाले त्या चॅटबॉटची गणितं तपासतात. चूक सापडली की नुसता दंगा! आरोहीचा आवाज सगळ्यांत मोठा. शाळा सुटली की पायरीवर माझ्यापाशी बसून बापाच्या गोष्टी सांगते. ऐकायला मला आता वेळ हाय.

बघ, केवढा फेरा मारला, पण मुद्द्यावर येईना मी.

दिवाळीत तुला सांगितलं की स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय, आता झेपत न्हाय. तू ताटावरून उठलीस. म्हणालीस, "म्या मेंढरामागं हिंडले म्हणून तू शाळंत गेलीस. ही नोकरी तुझ्या एकटीची न्हाय." मला राग आला. "तुला काय माहीत माझे हाल," असं म्हणाले. आक्का, तुला म्हणाले मी हे! जीभ कशी झडली न्हाय माझी.

आरोही बोलली तेव्हा मला तू दिसलीस. तिच्याएवढीच होतीस. दप्तर माझ्या खांद्यावर अडकवलंस आन काठी घेऊन निघालीस. तुलाही काहीतरी बोलायचं असंल तेव्हा. कुणी विचारलंच न्हाय, मी पण न्हाय.

परवा लोहाऱ्याला जाऊन अर्ज मागं घेतला. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "घरातल्या मोठ्या माणसाची परवानगी नव्हती."

संक्रांतीला येतेय. दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसून राहीन, पण भेटल्याशिवाय जाणार न्हाय.

तुझ्या वाट्याची शाळा शिकलेली,
आन अजून शिकवणारी,
धाकटी दैवशाला